कात्रीने टिपलेली बालमुखे

१८१८ साली अप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत करून इंग्रजांनी नागपूरच्या गादीवर ज्याला बसवले, त्या तिसऱ्या रघूजीचे वय तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते; भोसले घराण्यातील बाकाबाईंच्या छत्राखाली तो वाढत असता राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स पाहत होता आणि १८२६ चा तह होईपर्यंत ही व्यवस्था चालली. मुलाचे नाव दप्तरात चढण्यास आपल्याकडे बहुधा गादी, वतन किंवा दत्तविधान असे काही निमित्त लागे, अशा त्या काळात इंग्लंड-अमेरिकेतील मध्यम स्थितीच्या घरांतील मुले मात्र एका कात्रीच्या आणि काळ्या कागदाच्या बळावर कायमच्या नोंदीस पात्र होऊ लागली होती.

तैलचित्रासाठी चित्रकारापुढे वारंवार बसावे लागे आणि खर्चही भारी पडे. चंचल मुलाला तर ते बसणे म्हणजे शिक्षाच. चेहऱ्याची कड कागदात कापून काढलेली छायाकृती मात्र काही मिनिटांत पुरी होई. फिलाडेल्फियातील पील यांच्या संग्रहालयात चेहऱ्याच्या कडेवरून दांडी फिरवून कागदावर लहान आकाराची रेषा उमटवणारे यंत्र होते. कागद दुमडलेला असल्याने एकाच कापणीत चार प्रती निघत, आणि पांढऱ्या कागदातील पोकळीमागे काळा कागद ठेवला की मुखाकृती प्रकट होई. हे काम करणारा मोझेस विल्यम्स हा पील कुटुंबाच्या गुलामीत वाढलेला होता; १८०३ या एका वर्षात तेथे आठ हजारांहून अधिक मुखाकृती निघाल्या. विल्यम जेम्स हबर्ड हा तर स्वतःच बालकलावंत: १८०७ साली जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयातच यंत्राविना, नुसत्या नजरेने मुखाकृती कापू लागला आणि १८२४ मध्ये अमेरिकेत त्याचे प्रदर्शन मांडले गेले.

परंतु या कलेला शिस्त लावली ती ऑग्युस्त एदुआर याने. १७८९ साली डंकर्क येथे जन्मलेला हा फ्रेंच गृहस्थ इंग्लंडात येऊन आधी केसांची चित्रे करी. १८२५ च्या सुमारास तो छायाकृतींकडे वळला. पूर्णाकृतीला पाच शिलिंग, पण आठ वर्षांखालील मुलांना साडेतीन, असा त्याचा दर होता. फुगीर कपाळ, आखूड नाक, किंचित पुढे आलेला वरचा ओठ, हनुवटीखालची मऊ घडी आणि मानेवरून वळलेली केसांची बट, एवढ्या कडांतून तो मुलाचे वय सांगे; डोळा नाही, रंग नाही, तरी काठीने चाक पळवणारे पोर प्रौढाची लहान प्रतिकृती न वाटता पोरच वाटे. काळी बाजू आत घेऊन तो कागद दुमडी, त्यामुळे दोन आकृती एकदम कापल्या जात. एक गिऱ्हाइकाच्या हाती पडे आणि दुसरी नाव, गाव व तारीख घालून त्याच्या वहीत चिकटवली जाई.

माझ्या मते त्याची थोरवी या दुसऱ्या प्रतीत आहे. दहा वर्षे अमेरिकेत काम करून १८४९ मध्ये तो परतत असता 'ओनायडा' हे जहाज ग्वेर्न्सी बेटापाशी फुटले आणि त्याच्या संग्रहाचा मोठा भाग समुद्राने गिळला. वाचलेल्या वह्यांतली मुले मात्र आजही नावानिशी ओळखता येतात, याचे श्रेय त्या शाईच्या ओळींना द्यावे लागते. नाव नसलेली आकृती कितीही सुबक असली तरी ती केवळ कलावस्तू उरते. नाव व तारीख लाभलेली आकृती दस्तऐवज होते, आणि ज्या काळात अनेक मुले पाचव्या वर्षापर्यंतही पोहोचत नसत, त्या काळात असा दस्तऐवज म्हणजे त्या मुलाच्या रूपाचा कित्येकदा एकमेव पुरावा असे.

नागपूरच्या धरमपेठेतील जुन्या घरांच्या ट्रंकांत कृष्णधवल छायाचित्रे अजून आहेत, आणि नव्या पिढीच्या मोबाइलमध्ये मुलांच्या मुद्रा तर अगणित साठल्या आहेत. पण झबल्यातले हे मूल कोण, हे सांगणारे माणूस गेले की ते चित्र मुके होते. म्हणून यंदा दिवाळीला सारे घर एकत्र आले असता आजी-आजोबांना जवळ बसवून एकेका चित्रामागे नाव, गाव आणि साल लिहून घ्यावे, आणि मोबाइलमधील निवडक छायाचित्रांच्याही प्रती काढून त्यांवर तसेच लिहावे. एदुआरने परक्या मुलांसाठी केले तेवढे आपण आपल्या घरच्या मुलांसाठी करणे हे कर्तव्यच आहे.