बांध किती उंच असावा?

युरोपच्या वायव्य किनाऱ्यावर नेदरलँड्स नावाचा एक लहानसा देश आहे. या नावाचा अर्थच मुळी 'सखल भूमी' असा आहे. देशाची सुमारे चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीहूनही खाली आहे. कोकणात व गोव्यात खाडीकाठच्या शेतांत खारे पाणी शिरू नये म्हणून बांध घालतात. नेदरलँड्समधील लोकांनी तसेच, परंतु फार मोठे बांध शेकडो वर्षांपासून घातले आहेत. त्यांच्या आश्रयाने तेथे शेते पिकतात, गुरे चरतात आणि मोठमोठी शहरे नांदतात.

हे बांध किती उंच असावेत? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे वाटे. आजवर पाणी जेथवर चढल्याचे ठाऊक असे, त्याहून थोडा उंच बांध घालीत. जे आजवर घडले नाही ते पुढेही घडणार नाही, अशी जणू सर्वांची समजूत होती. योहान व्हान वेन या स्थापत्यविशारदांना मात्र ती पटत नव्हती. अनेक बांध अपुरे आहेत, असे ते आधीपासूनच सांगत होते. परंतु बांध उंच करण्याचे काम मागे पडत गेले.

31 जानेवारी 1953 रोजी उत्तर समुद्रावर वायव्येकडून भयंकर वादळ उठले. त्याच रात्री उधाणाची भरती होती. वाऱ्याने लोटलेले पाणी भरतीच्या पाण्यात मिसळले. त्या काळी तेथील नभोवाणी रात्री बंद असे. त्यामुळे धोक्याची सूचना गावोगाव पोहोचलीच नाही. लोक गाढ झोपेत असताना बांध फुटू लागले. हूक ऑफ हॉलंड येथे पाणी सरासरी समुद्रपातळीच्या वर 3.85 मीटर चढले. या प्रलयात नेदरलँड्समधील 1,836 माणसे प्राणास मुकली. झीलंड या प्रांताची हानी सर्वांत मोठी होती.

काही आठवड्यांतच शासनाने एक समिती नेमली. व्हान वेन तिचे सचिव झाले. या कामी डेव्हिड व्हान डांट्झिग या गणितज्ञांचेही साहाय्य घेण्यात आले. कोणतेही वादळ ओलांडू शकणार नाही असा बांध बांधणे अशक्य होते. मग किती उंच बांध पुरेसा म्हणावा? केवळ भीतीने किंवा केवळ अंदाजाने हे ठरविता येणार नव्हते. त्यासाठी जोखीम मोजणे आवश्यक होते.

जोखीम मोजताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: अनिष्ट गोष्ट घडण्याचा संभव किती, आणि ती घडल्यास हानी किती. समजा, एखादा बांध फुटल्यास 1 कोटी रुपयांची हानी होईल, आणि तो फुटण्याचा संभव दर वर्षी 100 मध्ये 1 आहे. तर त्या जोखमीचा भार वर्षाला सरासरी 1 लाख रुपये होतो. बांध उंच केल्याने तो संभव 1,000 मध्ये 1 इतका कमी झाला, तर भार 10 हजार रुपयांवर येतो. आता बांध उंच करण्याचा खर्च आणि कमी झालेला भार यांची तुलना करता येते.

अशा विचाराने दाट वस्तीच्या मध्य हॉलंडसाठी 10,000 मध्ये 1 हे प्रमाण ठरले. त्यानुसार हूक ऑफ हॉलंड येथे 5 मीटर उंच पाण्याला तोंड देण्याची तयारी करायची होती. या प्रमाणाचा अर्थ, असे पाणी दहा हजार वर्षांनंतरच येईल, असा नव्हे. एका रांजणात 9,999 चिंचोके आणि एक लाल गुंज घालावी. दर वर्षी न पाहता एक दाणा काढावा व पुन्हा आत टाकावा. गुंज पहिल्याच वर्षीही हाती येऊ शकते!

समुद्राची मुखे बंद करण्याचे कामही हाती घेण्यात आले. परंतु ईस्टर्न शेल्ट ही खाडी पूर्ण बंद केल्यास तेथील भरती-ओहोटी थांबेल आणि जलचर नष्ट होतील, अशी हरकत कोळ्यांनी व निसर्गप्रेमींनी घेतली. तेव्हा हानीच्या हिशेबात निसर्गाचीही हानी धरावी लागली. अखेर 62 पोलादी दरवाजांचा बांध उभारण्यात आला व 1986 साली त्याचे उद्घाटन झाले. एरवी हे दरवाजे उघडे असतात. मोठे वादळ आले की ते खाली सोडतात.

एक प्रश्न मात्र उरलाच होता. झीलंडमध्ये वस्ती विरळ, म्हणून तेथे 4,000 मध्ये 1 हे प्रमाण पुरेसे मानले गेले होते. परंतु लहान गावातील माणसाचा जीव शहरातील माणसाच्या जीवाहून कमी मोलाचा असतो काय? 2017 साली लागू झालेल्या नव्या नियमांनी याचे उत्तर दिले. बांधामागे राहणाऱ्या कोणत्याही माणसाला पुरामुळे मृत्यू येण्याचा संभव वर्षाला 1,00,000 मध्ये 1 याहून अधिक नसावा, असे ध्येय ठरले. जेथे हानी फार मोठी होईल, तेथे याहूनही अधिक संरक्षण देण्यात येते.

हीच रीत सर्वत्र उपयोगी पडते. कारखान्यातील फिरत्या पट्ट्यावर जाळी बसवावी काय, विषारी रसायनाची टाकी वस्तीपासून किती दूर ठेवावी, नदीत सांडपाणी सोडावे काय, हे ठरविताना तेच प्रश्न विचारावे लागतात. काय बिघडू शकेल? त्याचा संभव किती? हानी किती, आणि ती कोणाला सोसावी लागेल? टाळण्याचा उपाय कोणता? हे प्रश्न अपघातानंतर सर्वांनाच सुचतात. ते आधी विचारणे व मिळालेल्या उत्तराप्रमाणे वेळीच वागणे, यातच खरी सुरक्षितता आहे.