मराठी संख्यानामे आणि दोन अंकी संख्यांचे अध्यापन : काही वर्गकृती

प्रस्तावना :

‘पस्तीस’ हा शब्द ऐकून ५३ लिहिणारे मूल मराठी माध्यमाच्या पहिली-दुसरीच्या वर्गात नेहमी आढळते. अशा मुलाला बहुधा गणितात कच्चे ठरविले जाते. वस्तुतः या चुकीचे मूळ बऱ्याच अंशी भाषेत आहे. प्रस्तुत लेखात या अडचणीचे स्वरूप व तीवर उपयुक्त ठरणाऱ्या काही वर्गकृती यांचा विचार केला आहे.

संख्यानामांची रचना :

मराठीत एकक आधी उच्चारले जाते व दशक नंतर. लेखनात मात्र दशक आधी येते. पस्तीस म्हणजे पाच आणि तीस, त्रेपन्न म्हणजे तीन आणि पन्नास. शिवाय दशकाचे रूप बदलत जाते. ‘बावन्न’मध्ये पन्नास आणि ‘बाहत्तर’मध्ये सत्तर ओळखणे सहा-सात वर्षांच्या मुलाला सोपे नसते. १९ ते ८९ या नऊ एकक असलेल्या संख्या पुढच्या दशकाशी जोडलेल्या आहेत. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. ९९ मात्र या नियमात बसत नाही. कन्नडमध्ये २१ ला ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे वीस-एक म्हणतात. तेथे उच्चार व लेखन यांचा क्रम एकच राहतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणित पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले. वाद वृत्तपत्रांपासून विधानसभेपर्यंत गेला. मात्र कोणते नाव ठेवावे यावरच बहुतेक चर्चा खर्च झाली. नाव ऐकताना मुलाच्या हातात काय असावे, हा प्रश्न मागे पडला. नवी पद्धतीही सर्वस्वी निर्धोक नाही. ‘तीस पाच’ ऐकून ३०५ लिहिण्याचा धोका उरतोच.

वर्गकृती :

काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे व सुट्या काड्या हे सर्वांत स्वस्त साधन होय. शिक्षकाने ‘पस्तीस’ म्हणावे, मुलाने तीन गठ्ठे व पाच सुट्या काड्या उचलाव्यात, ‘तीस आणि पाच, पस्तीस’ असे म्हणावे आणि मगच लिहावे. लेखनासाठी पुठ्ठ्याची कार्डे करावीत. ३० च्या कार्डातील शून्यावर ५ चे कार्ड ठेवले की ३५ दिसते व कार्ड उचलताच झाकलेले शून्यही दिसते. ३०५ ही चूक येथे दुरुस्त होते. ‘एकोण’साठी दोन रंगांत दहा-दहा मणी ओवलेली शंभर मण्यांची माळ घ्यावी. एकोणतिसाव्या मण्यापुढे चिमटा लावला, की तिसाला एकच मणी कमी आहे हे मूल स्वतः पाहते. दुकानाच्या खेळात दहाच्या व एकच्या खोट्या नोटा वापरून, एकच्या दहा नोटा जमताच दहाची एक घ्यावी, असा नियम ठेवावा.

याच साहित्याचा निदानासाठी होणारा उपयोग अधिक मोलाचा आहे. पस्तीसऐवजी ५३ लिहिणाऱ्या मुलाला ती संख्या काड्यांनी दाखवावयास सांगावे. त्याने तीन गठ्ठे व पाच सुट्या काड्या मांडल्या, तर संख्या त्याला समजली आहे, केवळ लेखनाचा क्रम उलटला आहे. त्याला कार्डांचा सराव पुरतो. पाच गठ्ठे व तीन सुट्या मांडल्या, तर ‘पस्तीस’ हे नाव नेमक्या कोणत्या संख्येचे, हेच त्याला उमगलेले नाही. त्याने गठ्ठे सोडून नुसत्या काड्या मोजावयास घेतल्या, तर दशकाची कल्पनाच अद्याप रुजावयाची आहे. वहीवरील लाल फुली या तिघांना एकाच रांगेत बसविते. अध्यापक विद्यालयांतील सराव पाठांत पाठ टाचणाची तपासणी कसोशीने होते. तेवढाच वेळ छात्राध्यापकाने अशी तीन मुले पाहून नोंद करण्यास द्यावयास हवा.

या कृती दुसरीतच थांबवू नयेत. ५२ मधून २७ वजा करताना दोन सुट्या काड्यांतून सात काढता येत नाहीत. मुलाला एक गठ्ठा सोडावाच लागतो. चार गठ्ठे व बारा सुट्या काड्या समोर आल्या, की त्यातून दोन गठ्ठे व सात सुट्या काढून उरलेल्या २५ काड्या ते मोजून दाखवू शकते आणि ‘हातचा’ कोठून आला, हेही सांगू शकते.