काट्यावरचे लाल आकडे ओळखा

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद असो की साताऱ्याचे कंदी पेढे, माल आता बहुधा इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जातो. गिऱ्हाईक लाल आकड्यांवर भरवसा ठेवते. ते आकडे कसे उमटतात, हे आपल्या व्यापारी व कारीगर बांधवांनी जाणून घ्यावे.

एक आकडा सात पट्ट्यांचा, शिवाय दशांश टिंब. सहा घरांना वेगवेगळ्या तारा दिल्या तर ४८ लागतील. म्हणून सर्व घरांच्या सारख्या पट्ट्या एकत्र जोडतात. मग पट्ट्या-टिंबाच्या ८ आणि घरांच्या ६, अशा १४ तारा पुरतात. साध्या जोडणीत ४५११ ही चिप कोणत्या पट्ट्या पेटवायच्या ते ठरवते, तर ४०१७ पाळीपाळीने एकेक घर निवडते. नव्या काट्यांत हे काम बहुधा मायक्रोकंट्रोलर करतो. एका वेळी एकच घर पेटते; फेरी इतकी जलद की डोळ्यांना सर्व घरे एकदम दिसतात.

यावरून दोष ओळखता येतो. सर्व घरांतील तीच पट्टी गेली तर सामाईक तार, रेझिस्टर किंवा चिप तपासावी. एक घर अंधारले तर त्याचा ट्रान्झिस्टर पाहावा. एकाच घराची एकच पट्टी गेली तर बहुधा एलईडी गेला.

मधली पट्टी गेली की ८ चा ० दिसतो. १८ किलोचे १० होतात! तोल खरा, पण आकडा खोटा. काटा सुरू होताना सगळीकडे ८ उमटत असतील तर रोज नीट पाहावे. मात्र सरकारी सील स्वतः तोडू नये. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यानुसार दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यावी. मापात खोट म्हणजे इज्जतीत खोट.