मल्टिट्रॅक रेकॉर्डर घेताय? आधी माणसं मोजा!



गणेशोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की अल मन्सूरातल्या आपल्या फ्लॅटांमधून एक प्रश्न हमखास निघतो: घरच्या घरी गाणं नीट रेकॉर्ड करायला कोणतं मशीन घ्यावं? मोबाईलवर काय येतं ते सर्वांना ठाऊक आहेच. तबला पुढे, गायिका मागे आणि सगळ्यांवर कडी करणारी एसीची घरघर! नंतर तबला थोडा कमी करू म्हटलं तर तेही जमत नाही, कारण सगळे आवाज एकत्र कालवले गेलेले असतात.

मल्टिट्रॅक रेकॉर्डर प्रत्येक माईकचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर ठेवतो आणि मिश्रण नंतर सावकाश करता येतं. १९७९ साली टास्कॅमने साध्या कॅसेटवर चालणारं चार ट्रॅकचं पोर्टास्टुडिओ काढलं आणि ही स्टुडिओतली चैन घरात आली. आता कॅसेटच्या जागी एसडी कार्ड आहे, एवढाच काय तो फरक. लॅपटॉपवरही हे सगळं होतं, हे खरं. पण ऐन गाण्यात त्याचा पंखा सुरू होतो, नाहीतर अपडेट तरी येतो. मशीनचं लाल बटण दाबलं की काम सुरू, हे मला जास्त भावतं.

आता मुद्द्याचं. खोक्यावर ठळक छापलेला ट्रॅकचा आकडा बघून भुलू नका. एकूण ट्रॅक किती आणि एका वेळी किती रेकॉर्ड होतात, हे दोन वेगळे आकडे आहेत. टास्कॅम डीपी-००८ईएक्सला ८ ट्रॅक आहेत, पण एका वेळी रेकॉर्ड होतात फक्त २. झूम आर-१२ चंही तसंच. टास्कॅम डीपी-२४एसडीमध्ये २४ पैकी ८ आणि झूम आर-२० मध्ये १६ पैकी ८ एकदम रेकॉर्ड होतात.

गिटारवाल्या मुलांना २ पुरतात. ते मेट्रोनोमवर एकेक वाद्य चढवत जातात. आपलं संगीत तसं चालत नाही हो! गायक समेवर कसा येतोय हे तबलजी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो, हार्मोनियमवाला त्याची जागा ऐकून ती पुढे नेतो. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची ५६ गाणी झाली, ती काही एकेक वाद्य वेगळं चढवून नव्हे. म्हणून एकत्र किती जण बसणार ते आधी मोजा. गायिकेला एक माईक, हार्मोनियमला एक, दायाँ-बायाँला दोन. झाले चार! टाळ आणि कोरस आले की सहा. अशा घराने ८ इनपुटचंच घ्यावं. वापरलेलं झूम आर-१६ (२००९ चं मॉडेल) कोणी दोहा सोडताना विकत असेल तर तेही बघायला हरकत नाही, तेही एका वेळी ८ घेतं. फक्त कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर त्यात दोनच इनपुटना मिळते, हे लक्षात ठेवा.

मशीनपेक्षा खोली जास्त त्रास देते. उन्हाळ्यात एसी बंद ठेवून तासभर गाणं अशक्य! उपाय असा: खोली आधी चांगली गार करून घ्या, एसी बंद करा, एक गाणं घ्या, पुन्हा चालू करा. पण यात एक गोम आहे. एसीच्या कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणते आणि तो चढतो, दमट हवेत सैल पडून उतरतो. तेव्हा प्रत्येक गाण्याआधी तबला पुन्हा मिळवून घ्या. हार्मोनियमचे सूर हलवता येत नाहीत, म्हणून इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला दोन्ही पेटीलाच मिळवायचे.

अल मन्सूरातल्या छोट्या हॉलमध्ये एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरणारच. माईक वाद्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवा. गायिकेच्या मागे रजई टांगा, खाली गालिचा असू द्या. अशा खोलीत महागड्या कंडेन्सरपेक्षा साधा डायनॅमिक माईक बरा, कारण तो आजूबाजूचं कमी टिपतो. अजानच्या वेळा बघून बसलात तर मधे थांबावं लागत नाही.

दोन इनपुटचं छोटं मशीन मात्र एका कामासाठी अगदी योग्य आहे. व्हिजिटवर आलेल्या आजीच्या ओव्या, तिची भूपाळी, तिच्या माहेरची आरती. ते रेकॉर्ड करताना ठेका लावू नका, मेट्रोनोम तर नकोच! तिला तिच्या लयीत गाऊ द्या, मधे थांबून ती काही सांगू लागली तर तेही चालू राहू द्या. एक माईक तिला, दुसरा विचारणाऱ्या नातवंडाला. पुढे कधी मुलांना खाली पेटी भरावीशी वाटली तर बाकीचे ट्रॅक रिकामे आहेतच, आजीच्या ट्रॅकला धक्काही लागत नाही.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८ एमबी घेतो, म्हणजे ८ ट्रॅक चालू असतील तर ३२ जीबीच्या कार्डावर साधारण आठ तास. काही मशीन स्वतःच्याच पद्धतीने फाईल ठेवतात आणि कॉम्प्युटरवर न्यायला आधी डब्ल्यूएव्हीमध्ये एक्स्पोर्ट करावी लागते. घेण्याआधी हे दुकानदाराला करून दाखवायला सांगा, आणि आजीची फाईल त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

राहिला प्लग. कतारमध्ये २४० व्होल्ट आणि तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग असतो. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर गावी नेल्यावर फक्त पिना बदलाव्या लागतात.