रेस अडकते तेव्हा

चाळीसगावहून कन्नडच्या वाटेला लागलं की औट्रम घाट येतो. चढाला रेस द्यायची, वळण आलं की सोडायची; ड्रायव्हरच्या उजव्या पायाला तिथे उसंत म्हणून नसते. पाय काढला की इंजिन शांत होणार, हे मात्र तो कधी तपासून बघत नाही. मेकॅनिक ‘रेस अडकली’ म्हणतो तेव्हा नेमका तोच भरवसा मोडलेला असतो.

पेट्रोल इंजिनात हवा ज्या नळीतून शिरते, तिच्या तोंडाशी थ्रॉटल बॉडी असते. तिच्यात आसावर फिरणारी धातूची चकती. पेडल दाबलं की चकती उघडते आणि आत गेलेल्या हवेच्या मापाने पेट्रोल सुटतं. पाय उचलला की स्प्रिंग चकती मिटवते. जुन्या गाड्यांत हे काम तारेची केबल करते. केबलच्या आवरणात माती शिरली, तारेचा एखादा पदर तुटला किंवा चकतीच्या कडेला काजळी धरली, की स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो. काळ्या मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांना धुळीचं काय सांगायचं!

नव्या गाड्यांत केबल नाही. पेडलला दोन सेन्सर, चकतीलाही दोन. जोडीतल्या दोघांची साक्ष जुळली नाही की संगणक इंजिनची ताकद आवळतो. ‘गाडी पिकअपच घेत नाही’ म्हणून आपण वैतागतो. खरं तर ती आपल्याला सांभाळत असते.

तरीही दोष राहतोच. जानेवारी 2010 मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे 23 लाख गाड्या परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या. पेडलमधला घर्षणाचा एक छोटा भाग झिजून पेडल चिकटत होतं. लोकांचा संशय संगणकावर होता. नासाच्या अभियंत्यांनी तपासलं. 2011 च्या अहवालानुसार असा वेग वाढवणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पण ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल 2014 मध्ये कंपनीला 120 कोटी डॉलर भरावे लागले. माझ्या मते रिकॉलची लाज कंपनीने बाळगू नये, लपवाछपवीची बाळगावी.

आपल्या शेजारच्या नाशिकचंच बघा. जुलै 2021 मध्ये महिंद्राने तिथल्या कारखान्यातल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. 21 जून ते 2 जुलै या काळात तयार झालेल्या. कारखान्यात आलेल्या दूषित इंधनामुळे इंजिनचे भाग लवकर झिजत असावेत, असा संशय होता. दोष थ्रॉटलचा नव्हता. पण कोणती गाडी कुठल्या दिवशी तयार झाली याची नोंद चोख असली, की लाखो गाड्यांतून सहाशे वेचून काढता येतात.

2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले, 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंडासह. मात्र ते निर्मितीपासून 7 वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच. खानदेशात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने येते. कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर पडून राहतं आणि गाडी इकडे घाट चढत असते.

रेस अडकलीच, तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा. पुन्हा पुन्हा मारू नका: थ्रॉटल पूर्ण उघडी असताना पेट्रोल इंजिनात निर्वात पोकळी तयार होत नाही, आणि ब्रेकला मदत करणारा तिचा साठा दोन-तीन दाबांत संपतो. मग ब्रेक खूप जड लागतो. गाडी न्यूट्रल करा, कडेला घ्या, थांबल्यावरच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. मोटारसायकलवर क्लच दाबा आणि किल स्विच बंद करा.

आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन एकदा सर्व्हिस सेंटरला विचारून या. रिकॉलच्या दुरुस्तीचे पैसे लागत नाहीत.