मुक्या जनावरांचे दुखणे

कॅसलरॉकचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना आमच्या आषाढ-श्रावणाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते सांगूनही पटावयाचे नाही. लोंढ्याहून सुटलेली गाडी तिनईघाट मागे टाकून येथे येते व दूधसागरच्या बाजूला घाट उतरू लागते. १९६१ पर्यंत या उतारापलीकडे पोर्तुगीज अंमलाखालचा गोवा होता आणि आमच्या स्टेशनावर उतारूंच्या सामानाची झडती होत असे. आता ती हद्दही उरली नाही व ती झडतीही उरली नाही. मात्र रानातून आमच्या घरात शिरणारा एक प्रवासी आम्हांला अजूनही रोज कसून शोधावा लागतो. तो प्रवासी म्हणजे गोचीड.

आमच्या घरी मोती नावाचा गावठी कुत्रा आहे आणि गवताचे भारे व भाताची पोती वाहण्यासाठी चंद्री नावाची घोडी व तिचा एक जोडीदार अशी दोन तट्टे आहेत. घोडा हे खरे पाहता उघड्या, कोरड्या माळाचे जनावर. येथल्या ओलीत त्याची खुरे फार सांभाळावी लागतात. चिखलात व लिदीत उभे राहिल्याने खुराच्या तळव्याचा मऊ भाग कुजतो, त्याला दुर्गंधी येते व जनावर लंगडू लागते. म्हणून पहाटे उठून लीद काढणे, कोरडे गवत पसरणे आणि एकेक पाय उचलून खूर कोरून स्वच्छ करणे हा आमचा पावसाळ्यातील नेम. मोती त्या वेळी उंबऱ्यावर बसून सर्व कामावर देखरेख ठेवतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मोती उंबऱ्यावर दिसेना. तो चुलीजवळ अंगाचे मुटकुळे करून पडला होता. भाकरीला त्याने तोंड लावले नाही. काही तरी भलते खाल्ले असेल, अशी आम्ही मनाची समजूत घातली आणि हळद घातलेले दूध पुढे ठेवून दोन दिवस वाट पाहिली. हे दोन दिवस आम्ही फुकट घालविले, हे येथे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली. ओठ उचलून पाहिले तो हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या! तेव्हा मात्र आमचे धाबे दणाणले व त्याला गोणपाटात गुंडाळून आम्ही जीपने जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रक्तातील तांबड्या पेशींत बबेसिया नावाचे जंतू होते. गोचीड रक्त पिताना हे जंतू कुत्र्याच्या अंगात सोडते. ते तांबड्या पेशी फोडतात आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीतून बाहेर पडतो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, विश्रांती सांगितली आणि अंगावरील गोचिडी मारण्यासाठी पाण्यात मिसळून लावावयाचे अमित्राझ नावाचे औषध दिले. घरातील तापाची गोळी कुत्र्याला कधी देऊ नका, माणसाला मानवणारी ती गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते, हेही त्यांनी बजावून सांगितले.

वाचकहो, खरा प्रसंग यानंतरचा आहे. मोतीला औषध लावून झाले तेव्हा मिसळलेले पाणी अर्धी बादली उरले होते. इकडे चंद्रीच्या कानांत व आयाळीच्या मुळाशी गोचिडी दिसत होत्या. गोठा एक, गोचिडी त्याच, मग औषध वाया का दवडावे, असा आम्ही विचार केला. फडके बादलीत बुडविलेही होते. तेवढ्यात आमची थोरली मुलगी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचीत होती, ती ओरडली, ‘‘बाबा, थांबा! घोड्यांना लावू नये असे लिहिले आहे!’’

आम्ही डॉक्टरांना फोन केला. त्यांचा आवाज एकदम गंभीर झाला. गाईम्हशींवर व कुत्र्यांवर जे औषध सर्रास वापरतात, तेच घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते. लीद आत अडकते, असह्य पोटशूळ उठतो आणि घोड्याला ओकता येत नसल्याने त्याची सुटका होत नाही. तो दगावूही शकतो. घोड्यासाठी औषध वेगळे असते व तेही विचारूनच लावावयाचे असते. फडके पिळताना आमचे हात थरथरत होते. ज्या प्रेमाने आम्ही मोतीला वाचविले, त्याच प्रेमाने त्या संध्याकाळी चंद्रीला मारले असते.

या प्रसंगाने आम्हांला शिकविले ते असे की, माया पुरेशी नाही. तिला माहितीची जोड हवी. मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही. ते आपणच रोज पाहून ओळखावयाचे असते. निरोगी कुत्र्याच्या अंगाची उष्णता साधारण १०१ ते १०२.५ अंश असते, तर घोड्याची ९९ ते १०१.५ अंश. हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग, लिदीचे प्रमाण, खाण्यापिण्यातील फरक हे सारे पाहावे. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. ती बोटांनी चिरडू नये, तिच्यावर रॉकेल ओतू नये की तिला चटकाही देऊ नये. कुत्र्याच्या गोचिडी भिंतींच्या भेगांत हजारो अंडी घालतात, म्हणून भेगाही बुजवाव्या.

ही काळजी केवळ जनावरांपुरती नाही. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम आढळलेला माकडताप गोचिडीच्याच चाव्याने माणसाला होतो. त्या गोचिडी रानातल्या, मोतीला बाधलेल्या गोचिडीहून निराळ्या. पण आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हा ताप ठाऊक आहे आणि गेल्या काही वर्षांत तो गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्ग या भागांतही आढळला. डिसेंबर ते मे हे त्याचे मुख्य दिवस. त्या काळात सरपणाला वा पाल्याला रानात गेलेल्याने अंगभर कपडे घालावे, आणि घरी येताच अंघोळ करून अंग तपासावे. रानातून आल्यावर ताप भरल्यास तो अंगावर न काढता दवाखाना गाठावा.

आमच्या गावाच्या नावातील रॉक म्हणजे खडक. परंतु १६ ऑगस्टला, ऐन पावसाळ्यात, संत रॉक यांचा सण येतो तेव्हा आम्हांला ते नाव ऐकून मौज वाटते. प्लेगने आजारी पडून ते रानात एकटे राहिले असता एक कुत्रा त्यांना रोज भाकरी आणून देत असे, अशी कथा आहे. त्या कुत्र्याला वैद्यक येत नव्हते. पण तो रोज आला. रोज जाणे, रोज पाहणे, हा शुश्रूषेचा अर्धा भाग त्याला ठाऊक होता. उरलेला अर्धा भाग, म्हणजे विचारणे व वाचणे, तो माणसांचा.

मोती बरा झाला. पुन्हा उंबऱ्यावर बसू लागला. सायंकाळी गोव्याकडे जाणारी गाडी घाटात उतरू लागते त्या सुमारास आम्ही कंदील घेऊन गोठ्यात जातो. थोरली मुलगी चिमटा धरते, धाकटा मुलगा मिठाच्या पाण्याची वाटी धरतो, आणि आमची झडती सुरू होते. आधी मोतीचे कान, मग चंद्रीचे.