पेनीचा पावा

वाद्याची किंमत आणि त्याचा स्वर यांचे नाते बहुतेक ठिकाणी सरळ असते. चांगली सतार स्वस्तात मिळत नाही आणि स्वस्तातली सतार सहसा चांगली निघत नाही. आयरिश संगीतातल्या टिन व्हिसल ऊर्फ पेनीव्हिसल या पाव्याने मात्र हे नाते जवळपास मोडीत काढले. इंग्लंडच्या सफक परगण्यात, कोनी वेस्टन नावाच्या खेड्यात, रॉबर्ट क्लार्क हा शेतमजूर 1843 मध्ये कथलाचा मुलामा दिलेला पत्रा गुंडाळून सहा भोकांचे पावे करू लागला. तोंडाशी लाकडी गट्टू आणि खाली निमुळती होत गेलेली नळी, एवढाच सगळा थाट. पुढे त्याने मँचेस्टर गाठले. अवजारे हातगाडीवर घालून, वाटेत पावे विकत तो पायी गेला, असे सांगतात. त्याच नावाचा आणि जवळजवळ त्याच घडणीचा पावा आजही विकला जातो. दुकानात ज्याला खेळणे म्हणून ठेवतात, त्या जातीच्या वाद्यावर क्लेअर परगण्यातल्या डूलिनचा मिहो रसेल वाजवत असे. मेरी बर्जिनचा 1979 चा एकल अल्बम हे वाद्य शिकणाऱ्यांना अजून धडा म्हणून दिला जातो. 1950 च्या दशकात जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर स्पोक्स माशियाने आणि इतरांनी याच पेनीव्हिसलमधून क्वेला हा संगीतप्रकार फुलवला. इतक्या निरनिराळ्या ठिकाणी कसलेल्या वादकांनी तोच स्वस्त पावा उचलला, तो केवळ गरिबीपोटी नव्हे.

कारण वाद्याच्या रचनेतच आहे. आडव्या बासरीत हवेचा झोत धारेवर नेमका कुठे आदळवायचा, हे फुंकणाऱ्याच्या ओठांना शोधावे लागते. पाव्यात ते कारागिराने आधीच शोधून ठेवलेले असते: गट्टूवरच्या अरुंद फटीतून हवा जाते, समोरच्या खिडकीच्या धारेवर दुभंगते आणि नळीतला हवेचा स्तंभ थरथरू लागतो. म्हणून वाद्याचे बरेवाईट ठरते ते या दोनतीन सेंटिमीटरच्या जागेत. फटीची उंची, खिडकीची लांबी, धारेचे टोक यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी आवाज फाटतो किंवा वरचे सप्तक चढत नाही. नळी पत्र्याची की पितळेची, हा प्रश्न त्यामानाने गौण. जॉन कोल्टमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1971 मध्ये चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, आतून एकसारख्या बासऱ्या ऐकवून पाहिल्या; ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. महागड्या धातूचे पैसे मोजण्याआधी हा प्रयोग आठवावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: स्वस्त पाव्यांमध्ये एकसारखेपणा नसतो. तो खराच आहे. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या मुखात कुठे कंगोरा राहतो, कुठे धार वाकडी बसते. पण यावर उपाय आहेत आणि तेही स्वस्त. नळीला चिकटवलेले मुख गरम पाण्यात धरले की सैल होते. मग ते पुढेमागे सरकवून सूर जुळवता येतो. काही मुखांत फटीच्या खालची जागा पोकळ असते. ती चिकट मेणाने किंवा पुट्टीने भरली की कर्कशपणा बराच उतरतो. नवशिक्याने डी सुराचाच पावा घ्यावा, कारण आयरिश चाली बहुतांशी त्यातच बसतात. उरलेले पैसे ऐकण्यावर खर्च करावेत. कट, टॅप, रोल या बोटांच्या नाजूक झटक्यांनीच इथे स्वर वेगळे होतात आणि ती करामत बोटांची आहे, नळीची नव्हे.

दुसरा आक्षेप आवाजाच्या तीक्ष्णपणाचा. डी पाव्याचा सर्वांत खालचा स्वर 587 हर्ट्झच्या आसपास असतो. वरचे सप्तक शेजाऱ्यांपर्यंत पोचते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एक सप्तक खाली उतरणारा लो व्हिसल यावर उत्तर ठरला आणि त्याच्या जन्मकथेत भारत आहे. फिनबार फ्यूरी या आयरिश वादकाकडची भारतीय बांबूची बासरी मोडली. ती दुरुस्त होईना, तेव्हा इंग्लंडमध्ये बर्नार्ड ओव्हर्टनने 1971 च्या सुमारास तिच्या जागी अॅल्युमिनियमची उभी नळी करून दिली. तोच आजच्या लो व्हिसलचा पूर्वज. मात्र स्वर अर्ध्यावर आणायचा तर लांबी दुप्पट लागते. तीस सेंटिमीटरचा पावा साठीच्या घरात जातो, भोके दूर पळतात आणि बोटांची टोके पोचत नाहीत. बोटे सपाट ठेवून मधल्या पेरांनी भोके झाकावी लागतात. म्हणून पहिले वाद्य म्हणून लो व्हिसल घेणे मला घाईचे वाटते.

स्वतः करून पाहणे मात्र घाईचे नाही. घरातल्या नळाला वापरतात ती अर्ध्या इंची सीपीव्हीसी नळी आतून साधारण 12 मिलिमीटरची असते. डी पाव्याला तेवढीच पुरते. सुरुवात भोकांपासून करू नये. आधी गट्टू, फट आणि धार. नुसती नळी स्वच्छ बोलू लागेपर्यंत पुढे जाऊच नये. मग नळी थोडी लांबच ठेवून टोकाकडून कापत खालचा स्वर आणावा, आणि भोके तळाकडून वर, मुद्दाम लहान पाडून ट्यूनरसमोर कानशीने मोठी करत जावीत. भोक मोठे केले की स्वर चढतो. चढलेला स्वर उतरवायला टेपखेरीज मार्ग उरत नाही. प्लॅस्टिक तापवून वाकवण्याचा मोह टाळावा, त्याचा धूर विषारी असतो. बासरीवाल्यांना एक सवय सोडावी लागेल. सहाही भोके झाकली की त्यांच्या हातात मंद्र पंचम असतो. पाव्यावर तोच षड्ज धरतात आणि वरची तीन झाकलेल्या जागी, जिथे बासरीचा सा आहे, तिथे शुद्ध मध्यम ऐकू येतो.